घरी शुश्रूषा की पुनर्वसन केंद्र?

आई किंवा वडील गंभीर अपघातातून वाचले आणि रुग्णालयातून घरी सोडण्याचा दिवस जवळ आला की, त्यांना थेट घरी आणावे की आधी पुनर्वसन केंद्रात ठेवावे, हा प्रश्न कुटुंबापुढे उभा राहतो.

केंद्राचे खरे बळ तिथल्या नियमित सरावात आहे. मेंदूला किंवा मणक्याला इजा झाली असल्यास फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामे पुन्हा करायला शिकवणारे तज्ज्ञ) आणि वाचाउपचारतज्ज्ञ मिळून उद्दिष्टे ठरवतात आणि पलंगावरून खुर्चीत बसणे, घास गिळणे, कपडे घालणे अशा क्रिया रुग्णाकडून रोज करवून घेतात. खर्च मात्र मोठा असतो.

घरी ओळखीचे आवाज असतात, मुलांना आपले माणूस डोळ्यांसमोर दिसते आणि रुग्णाचा धीरही टिकतो. परंतु ज्यांना स्वतः कूस बदलता येत नाही, त्यांना बेडसोर, म्हणजे सतत एकाच बाजूवर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा, होऊ नयेत म्हणून साधारण दर 2 तासांनी वळवावे लागते, रात्रीसुद्धा. हा भार बहुधा एकाच व्यक्तीवर पडतो आणि सर्वांचे लक्ष रुग्णाकडे असल्यामुळे तिचा थकवा कोणालाच दिसत नाही. मला ही बाब फार गंभीर वाटते.

केवळ हातापायाचे हाड मोडले असेल आणि मदतीला माणसे असतील, तर घर पुरेसे आहे. गिळण्यात, बोलण्यात किंवा स्मरणात अडचण असेल, तर माझा कौल केंद्राला आहे. तिथून परतण्यापूर्वी घरातील किमान दोघांनी रुग्णाला उचलण्याची आणि वळवण्याची पद्धत शिकून घ्यावी.