कॅट ट्रीचे चार प्रकार: कोणतं उभं राहतं, कोणतं डुगडुगतं

कॅट ट्री म्हणजे मांजराला चढायला, बसायला आणि नखं घासायला खांब आणि बैठका जोडून केलेलं झाड. त्याच्या जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरात असते ती उंची. मग मजले किती, झोळी आहे का, रंग करडा की बदामी. ज्याच्यावर हे सगळं उभं राहायचं तो तळपाट किती रुंद, किती जाड आणि किती वजनाचा, हे शोधावं लागतं आणि पुष्कळदा सापडतही नाही. अशा वेळी बंद खोक्याचं वजन बघावं. ते पाठवणीच्या हिशेबासाठी लिहिलेलं असतं, त्यामुळे वर्णनापेक्षा जास्त भरवशाचं. दीड मीटर उंच कॅट ट्री आणि खोकं जेमतेम १२ किलोचं असेल, तर आत पोकळ पुठ्ठा आणि पातळ बोर्ड आहे असं समजून चालावं.

वजनाला एवढं महत्त्व का, तर कलंडण्याचा हिशेब. झाडाच्या वजनाला तळपाटाच्या अर्ध्या रुंदीने गुणा आणि उंचीने भागा. वरच्या टोकाला तेवढा आडवा जोर लागला की झाड कलंडायला लागतं. १२ किलोचं झाड, ५० सेंमी चौरस तळपाट, १५० सेंमी उंची: १२ × २५ ÷ १५०, म्हणजे फक्त २ किलो. पाच किलोचा बोका वरून उडी घेताना मागच्या पायांनी देतो तो रेटा याहून सहज जास्त असतो; धावत येऊन वर झेपावला तर विचारूच नका. हेच झाड २० किलोचं आणि तळपाट ६० सेंमीचा असेल तर आकडा ४ किलोवर जातो. वरची बैठक तळपाटाच्या बाहेर डोकावत असेल तर आणखी घट धरा. पाच किलोचं मांजर कडेच्या १० सेंमी बाहेर बसलं, की त्या दोन किलोंचे साधारण १.७ उरतात.

घरी आणलेल्या झाडाची परीक्षा दोन मिनिटांत होते. प्रवासाच्या बॅगा मोजायचा हुकाचा काटा घ्या, सगळ्यात वरच्या बैठकीखाली खांबाला दोरी बांधा आणि काट्याने आडवं, सावकाश ओढा. पलीकडची कड जमिनीवरून सुटते त्या क्षणीचा आकडा वाचा. चारही बाजूंनी करा, कारण झाडं एकाच बाजूला जड असतात. सगळ्यात कमी आलेला आकडा मांजराच्या वजनाहून कमी असेल तर ते झाड भिंतीला बांधल्याशिवाय मांजराच्या हवाली करू नये, असं आमचं मत.

आता प्रकार. सगळ्यात जास्त विकलं जातं ते पुठ्ठ्याच्या नळ्यांचं, फर लावलेलं. त्याचा सांधा एकदा उघडून बघण्यासारखा असतो. नळीच्या दोन्ही तोंडांना प्लॅस्टिकचं किंवा लाकडाचं बूच ठोकलेलं असतं आणि बुचाच्या मध्यभागी बोल्टची आटी, बहुतेक वेळा ८ मिमीची. खालची नळी, मधे बैठकीचा बोर्ड, वरची नळी, आणि बोर्डातून आरपार जाऊन दोन्हीकडच्या बुचांत बसणारा एक आट्यांचा दांडा, म्हणजेच बोल्ट. बोल्ट सहसा तुटत नाही. बिघडतं ते बाकीचं. बूच नुसत्या पिनांवर अडकवलेलं असेल तर काही महिन्यांनी ते नळीत फिरायला लागतं. मग बोल्ट कितीही आवळा, बूचही त्याच्याबरोबर फिरतं आणि खांब सैल तो सैलच. दुसरी गोम फरची. बोर्डावर चिकटवलेली फर सांध्यातही येते, आठवडाभरात दबते आणि बोल्ट एक आटाही न हलता सांधा ढिला होतो. जोडणी करतानाच नळी जिथे टेकते तिथली गोल चकती धारदार कटरने कापून काढली, की लाकूड थेट बुचावर बसतं. पाच मिनिटांचं काम आहे, पण डुगडुग बरीच कमी होते.

जोडताना आणखी एक चूक हमखास होते: पहिलाच खांब जीव खाऊन आवळणं. मग वरची भोकं जुळत नाहीत, बोल्ट तिरका जातो आणि भोक लांबट होतं. सगळे खांब आधी हातानेच बसवा, झाड सपाट जमिनीवर उभं करा, आणि मग खालून वर ॲलन कीने आवळत जा. तळपाटाखाली बोल्टच्या डोक्याला निदान ३० मिमी रुंदीचा वॉशर असावा. छोटा वॉशर पार्टिकल बोर्डात, म्हणजे भुसा गोंदाने दाबून केलेल्या फळीत, रुततो. डोकं खाचेत बसतंय ना, हेही बघा. ते बाहेर राहिलं तर झाड एक पाय आखूड असलेल्या चार पायांच्या स्टुलासारखं त्याच्यावरच डुलतं. आठ दिवसांनी पुन्हा आवळायचं, पुढे महिन्यातून एकदा.

या प्रकाराबद्दलचं मत सरळ आहे. मीटरभर उंचीपर्यंत आणि चार-साडेचार किलोच्या मांजराला चालेल. दीड-दोन मीटरचे ‘पाच मजली’ नमुने या बांधणीत घेऊ नयेत. घरात आलेलंच असेल तर तळपाटाखाली १८ मिमी प्लायवुडचा ६० सेंमी चौरस तुकडा बोल्टने जोडा. बोल्ट तेवढेच लांब घ्यावे लागतील. प्लायचं वजन साधारण ४ किलो भरतं, म्हणजे वरच्या उदाहरणातलं १२ किलोचं झाड १६ किलोचं होतं, बूड रुंदावतं आणि २ किलोचा आकडा ३.२ वर येतो. वर भिंतीला पट्टा बांधायचाच. पट्ट्याचा ब्रॅकेट वरच्या बैठकीच्या फरवर न लावता त्याखालच्या लाकडात लावायचा, आणि भिंतीतला स्क्रू नुसत्या गिलाव्यात न थांबता विटेपर्यंत किंवा काँक्रीटपर्यंत गेलेला हवा.

दुसरा प्रकार लाकडी: भरीव खांब, प्लायच्या बैठका, वर काढून धुता येणाऱ्या गाद्या. आमची पसंती यालाच. खांब १० सेंमी किंवा जास्त जाड, बोल्ट लाकडातल्या धातूच्या आट्यांत, आणि मुळातच वजन असल्याने बूड हलत नाही. तोटे दोन. गुळगुळीत पॉलिश केलेल्या बैठकीवर मांजर उतरताना घसरतं. एकदा घसरलं की ते मजलाच टाळायला लागतं, म्हणून वेल्क्रोने पक्की बसणारी गादी हवी. आणि लाकडी दिसणारं सगळंच लाकूड नसतं. बोल्टच्या भोकात टॉर्च मारून बघा. भुशाचे कण दिसले तर तो लाकडाच्या छापाचा पार्टिकल बोर्ड. खऱ्या झाडाच्या फांद्या वापरलेले नमुने सुंदर दिसतात, पण साल सुटते आणि किडीचा प्रश्न राहतो. पर्मेथ्रिन मांजरांना विषारी असतं, तेव्हा अशा लाकडाला कीडनाशक कोणतं मारलंय हे विचारल्याशिवाय ते घरात आणू नये.

तिसरा, जमिनीपासून छतापर्यंत ताणून बसवायचा खांब. अडचणीच्या जागेत उत्तम, पण छत पक्कं हवं. फॉल्स सीलिंगला लावला तर पत्रा वर उचलतो आणि खांब पडतो. बसवताना स्पिरिट लेव्हल दोन बाजूंनी लावून ओळंबा बघा. मांजर नेहमी एकाच बाजूच्या बैठकीवर उडी मारतं, त्याने खांबाला पीळ पडतो आणि वरचा स्क्रू हळूहळू सुटतो. पंधरा दिवसांतून एकदा हाताने फिरवून बघणं भाग आहे. तेवढी शिस्त नसेल तर हा प्रकार घेऊ नका.

चौथा, भिंतीवरच्या फळ्या. त्या कलंडत नाहीत, उखडतात. जिप्समच्या भिंतीत आतल्या चौकटीतच स्क्रू गेला पाहिजे. फळी २५ ते ३० सेंमी रुंद, दोन फळ्यांत उंचीचा फरक ३० सेंमीच्या आसपास, आणि मांजर चढवण्याआधी प्रत्येक फळीवर १५-२० किलो पाण्याचे कॅन रात्रभर ठेवून बघायचे.

प्रकार कोणताही असो, काही मापं बदलत नाहीत. नखं घासायचा खांब निदान ८० सेंमी सलग मोकळा हवा. मांजर मागच्या पायांवर उभं राहून अंग पूर्ण ताणतं आणि मग ओढतं. मधेच बैठक आली तर ते सोफ्याकडे वळणारच. झोपायची बैठक ४० सेंमी, मोठ्या जातींना ५०. कडेला ५-६ सेंमीची उंच किनार असली तर झोपेत घरंगळणं टळतं. खोप्याचं, म्हणजे आत शिरून बसायच्या बंद खोक्याचं, तोंड २० सेंमीहून लहान नको. दोन मांजरं असतील तर खोप्याला दोन तोंडं आणि वर जायला दोन वाटा हव्यात, नाहीतर एकजण वाट अडवून बसतं आणि दुसरं वरच अडकतं. म्हाताऱ्या मांजरांत सांधेदुखी फार असते; त्यांना टप्पे १५ ते २० सेंमीचे द्यावेत. चढण्यापेक्षा उतरणं त्यांना जड जातं, कारण सगळा भार पुढच्या पायांवर येतो.

झाडाला लोंबणारे इलॅस्टिकचे गोंडे मात्र पहिल्याच दिवशी कापून टाका. गिळलेला लांब दोरा आतड्यात एका टोकाला अडकतो, आतडं त्याच्यावर चुण्या पडल्यासारखं गोळा होतं आणि चिरतंही. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा बाहेर आलेला दिसला तर ओढू नये, तसंच पशुवैद्याकडे न्यावं. सगळ्या खांबांवरून तळहात फिरवून सुटलेल्या स्टेपलच्या पिना शोधा. खोकं उघडल्यावर डोळ्यांना झोंबणारा वास आला तर तो बोर्डातल्या गोंदाच्या फॉर्मल्डिहाइडचा असू शकतो. वर्णनात ई१ दर्जाचा, म्हणजे हा वायू कमी सोडणारा, बोर्ड लिहिलेला असला तर बरं. फर घ्यायचीच तर आखूड लवेची. सुताच्या गाठी सुटलेल्या कार्पेटमध्ये नख अडकतं आणि मांजर लोंबकळतं. फरवालं जुनं, वापरलेलं झाड स्वस्त मिळालं तरी नको, कारण गजकर्णाची बुरशी त्यात महिनोन्‌महिने टिकते आणि कापड चिकटवलेलं असल्याने धुता येत नाही. धुवायच्या गाद्यांनाही फिनॉलची जंतुनाशकं वापरायची नाहीत, ती मांजरांना बाधतात.

जागा खिडकीजवळची, पण खिडकीला पक्की जाळी असेल तरच. वरच्या बैठकीवरून मारलेली उडी छताच्या पंख्याच्या पात्यांपर्यंत पोचत नाही ना, हे आधी बघावं.

खांबावरचा घायपाताचा दोर, म्हणजे सिसल, सगळ्यात आधी झिजतो, आणि त्यासाठी झाड फेकायचं कारण नाही. १० सेंमी जाडीच्या खांबाला ६ मिमीचा दोर ६० सेंमी उंचीत १०० वेढे घेतो. एका वेढ्याला साधारण ३३ सेंमी, म्हणजे ३३ मीटर. टोकांसकट ३५ मीटर आणा. खालचं टोक पहिल्या तीन-चार वेढ्यांखाली दाबा, दर पाच-सहा वेढ्यांनी लाकडी हातोडीने खाली ठोकून फटी बंद करा, आणि शेवटचं टोक स्क्रू-वॉशरने बैठकीच्या आडोशाला पक्कं करा. स्टेपल नको. दोर ओला करूनही गुंडाळू नका. नायलॉनचा दोर टिकाऊ म्हणून गळ्यात मारतात, पण त्यात नख रुततच नाही. सगळे खांब एकदम नवे करू नयेत. जुन्या दोराला मांजराचा स्वतःचा वास लागलेला असतो, म्हणून एका वेळी एकच खांब गुंडाळा आणि मांजर त्याच्याकडे वळल्यावर दुसऱ्याला हात घाला.