बॉनव्हिल म्हणून विकलेली ट्रॉफी

इंग्लंडमध्ये जुनी ब्रिटिश मोटारसायकल घेण्याच्या विचारात असलेल्या मराठी मंडळींसाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. जुन्या गाड्यांच्या एका विक्रेत्याने १९६८ ची ट्रायम्फ बॉनव्हिल टी१२०आर म्हणून मला विकलेली गाडी त्याच कारखान्याची टीआर६आर ट्रॉफी निघाली.

बॉनव्हिलला एवढा भाव का, हे आधी सांगायला हवे. १९५६ साली अमेरिकेत, बॉनव्हिल येथील मिठाच्या मैदानावर, जॉनी ॲलनने ट्रायम्फचे इंजिन बसवलेल्या गाडीवर ताशी २१४ मैलांचा वेग गाठला आणि पुढे १९५९ च्या नव्या गाडीला कंपनीने त्या जागेचेच नाव दिले. ट्रायम्फचे अभियंते एडवर्ड टर्नर यांच्या आराखड्यातून उतरलेले हे ६४९ सीसीचे जोडसिलिंडर इंजिन ७१ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास) व ८२ मिमी स्ट्रोकचे (पिस्टनची धाव) असून सुरुवातीच्या गाडीची ताकद ४६ अश्वशक्ती सांगितली जात असे. १९६३ पासून इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच आवरणात आले.

ट्रॉफीचे इंजिनही याच मापाचे आहे, पण तिला एक कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) आणि बॉनव्हिलला दोन. म्हणजे दोन इनटेकचे हेड आणि ॲमल कंपनीचे दोन कार्बोरेटर बसवले की वरवर पाहणाऱ्याला फरक कळत नाही. उरतो फक्त इंजिनावर ठोकलेला क्रमांक. माझ्या गाडीत विक्रेत्याने डीयू या अक्षरांपुढचे आकडे जसेच्या तसे ठेवले होते आणि त्यांच्या आधीची मॉडेलची अक्षरे तेवढी बदलली होती. त्यामुळे इंजिन आणि चासीचे आकडे तंतोतंत जुळत होते, कागदपत्रांतही काही खोट दिसत नव्हती, आणि ‘नंबर जुळतात’ हे त्याचे वाक्य अक्षरशः खरे होते. अशी लबाडी मला जास्त घातक वाटते.

हा क्रमांक डाव्या बाजूला, सिलिंडरच्या बुडाखाली, क्रँककेसच्या (इंजिनाच्या खालच्या आवरणाच्या) सपाट पट्टीवर असतो. पट्टी स्पिरिटने पुसून बॅटरीचा उजेड तिरपा टाकला, तेव्हा टी१२०आर या अक्षरांखाली कानशीचे बारीक समांतर ओरखडे दिसले आणि तेवढाच भाग किंचित खोलगट व चकचकीत होता, तर आकड्यांभोवतीचे ॲल्युमिनियम जुने, मळकट होते. चासीवरची अक्षरे काळ्या रंगाच्या जाड थराखाली बुजलेली होती. १९६९ पासून कारखान्याने या पट्टीवर ट्रायम्फची छोटी नावे उठावात घ्यायला सुरुवात केली, त्यामुळे पुढच्या गाड्यांत कानस फिरली की ती पुसली जातात. १९६८ पर्यंतच्या गाड्यांना ते संरक्षण नाही.

शंकेचे निरसन जुन्या नोंदींनी झाले. ट्रायम्फच्या कारखान्यातून गाड्या रवाना झाल्याच्या नोंदी व्हिंटेज मोटर सायकल क्लबकडे आहेत. तेथून शुल्क भरून मागवलेल्या दाखल्यात त्या आकड्यांपुढे टीआर६आर असे स्पष्ट नोंदलेले होते. हा दाखला विसार देण्यापूर्वीच मागवावा, आणि विक्रेता ‘नंतर मिळेल’ म्हणाला तर व्यवहार तिथेच थांबवावा. पावतीवर ‘मूळची टी१२०आर’ असे लिहून घ्यावे. माझ्याकडे तशी पावती होती. ब्रिटनच्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार, व्यापाऱ्याकडून घेतलेली वस्तू वर्णनाप्रमाणे नसेल तर ती ३० दिवसांच्या आत नाकारता येते, आणि त्या मुदतीत लेखी नोटीस गेल्यामुळेच पैसे परत मिळाले.

गाडी मात्र त्याने ताब्यात घेतली, आणि काही आठवड्यांतच तीच गाडी, तीच अक्षरे ठेवून, पुन्हा बॉनव्हिल म्हणून विक्रीला लावली आहे.