नऊ महिने, आठ खंड: 'ब्लूम इंटू यू' वाचून झाल्यावर

पहिला खंड जूनमध्ये घेतला, आठवा ऑक्टोबर संपता संपता वाचून झाला आणि मार्चपर्यंत सगळे पुन्हा एकदा वाचले. एवढ्या वापरावर लिहायला हरकत नाही.

आधी वस्तूबद्दल. नाकातानी निओ यांची ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथांची, मालिका जपानीत 'यागाते किमी नि नारु' या नावाने २०१५ ते २०१९ या काळात मासिकातून आली आणि आठ खंडांत संपली. मी वाचली ती सेव्हन सीज या प्रकाशनाची इंग्रजी आवृत्ती. सुरुवातीचे दोन खंड फोनवर वाचले आणि पस्तावले. या बाईंची अर्धी गोष्ट मोकळ्या जागेत असते: रिकामा वर्ग, नदीतले दगड, कुणीच काही न बोललेली अख्खी चौकट. फोनवर दोन पानांवर पसरलेलं चित्र मधोमध कापलं जातं आणि बोटाने सरकवता सरकवता ती शांतता निसटते. म्हणून कागदी संच मागवला. एक खंड कोपरा मुडपून आला. विक्रेत्याला कळवलं तर उत्तर आलं, "वाचता येतंय ना मॅडम?" येतंय. ठाण्याचा पावसाळा मात्र या कागदाला मानवत नाही. कपाटात ठेवूनही पानांना लाटा आल्या. बांधणी अजून शाबूत आहे. उजवीकडून डावीकडे वाचायची सवय पंधरा-वीस पानांत होते, त्याचा बाऊ नको.

गोष्ट अशी. कोइतो यू नुकतीच हायस्कूलला गेली आहे. घरचं पुस्तकांचं दुकान. प्रेमाची गाणी ऐकते, शोजो, म्हणजे मुलींसाठीचे, मांगा वाचते, शब्द कळतात, पण आत काही हलत नाही. शाळेतल्या एका मुलाने 'आवडतेस' असं सांगितलंय, त्याला काय उत्तर द्यावं हे तिला उमजत नाही. विद्यार्थी परिषदेतली मोठी मुलगी नानामी तोको हिनेही असंच सगळ्यांना नाही म्हटलेलं असतं, म्हणून यू सल्ल्यासाठी तिच्याकडे जाते. फोनवरून त्या मुलाला नकार देताना तोको तिचा हात धरून बसते आणि फोन ठेवल्यावर तोकोच म्हणते की मी बहुधा तुझ्या प्रेमात पडतेय. यूच्या पायाखालची वाळू सरकते ती प्रेमाने नव्हे. आपल्यासारखी दुसरी एक कुणीतरी सापडली असं तिला वाटलं होतं, तीही पलीकडे गेली. पुढे रेल्वे फाटकाशी तोको तिचं चुंबन घेते तेव्हाही यूला धडधड होत नाही. मला या मालिकेने पकडलं ते इथे.

ही मुलगी "मला मुली आवडतात का?" या प्रश्नाने हैराण नाही. तिचा प्रश्न त्याच्या एक पायरी खालचा आहे: आवडणं म्हणजे नेमकं काय, आणि ते मला का होत नाही? तोकोची अट आणखी विचित्र. मी तुझ्यावर प्रेम करीन, पण तू माझ्या प्रेमात पडू नकोस. तिला स्वतःबद्दल राग आहे. अपघातात गेलेल्या थोरल्या बहिणीची जागा भरण्यात तिची वर्षं गेलीत, त्यामुळे जो तिच्यावर प्रेम करील तो खोटं तरी बोलतोय किंवा त्याला दिसत तरी नाही, असं तिचं गणित. दुसऱ्या वाचनात मला तोकोचा राग येईनासा झाला. पहिल्या वेळी आला होता.

भाषेबद्दल जरा लांबण लावते. जपानीतल्या 'सुकी' या शब्दापाशी इंग्रजीला दर वेळी ठरवावं लागतं, 'लाइक' लिहू की 'लव्ह'. वाचताना मी मनातल्या मनात मराठी करत होते आणि 'आवडतेस' तिथे अलगद बसत होतं. आमटीही आवडते, माणूसही आवडतं, आणि कोणत्या अर्थाने ते बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर ओळखायचं. 'नानामी सेनपाई' (सेनपाई म्हणजे शाळेतली वरच्या वर्गातली मोठी) इथपासून 'तोको सेनपाई' आणि मग नुसतं 'तोको' इथवरचा प्रवासही आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. अहो-जाहोवरून अगं-तुगंवर यायला किती दिवस लागतात ते आपण जाणतोच. एक गोष्ट मात्र मराठीत जमणार नाही. जपानीत 'मला आवडणारं माणूस' म्हणून मुलगा की मुलगी हे झाकता येतं. मराठीत क्रियापद लगेच चुगली करतं. होस्टेलला माझी एक मैत्रीण होती, ती कायम "ती व्यक्ती" म्हणायची. ती व्यक्ती आली होती, ती व्यक्ती रागावली. आम्हाला वाटायचं, काय पुस्तकी बोलते ही! व्याकरणात 'व्यक्ती' स्त्रीलिंगी आहे, म्हणून ती दोन वर्षं सगळ्यांदेखत खरं बोलत होती आणि आमच्यापैकी एकीलाही कळलं नाही.

आता सायाका. खरं सांगायचं तर मी दुसऱ्यांदा वाचलं ते तिच्यासाठी. सायाका साएकी तोकोची जवळची मैत्रीण, तिच्यावर प्रेम करणारी आणि ते गिळून शेजारी उभी राहणारी. मुलींच्या शाळेत असताना एका मोठ्या मुलीने तिला मागणी घातली होती, आणि हायस्कूलला गेल्यावर तीच म्हणाली की ते सगळं पोरवयातलं होतं, आता आपण मोठ्या झालो. हे वाक्य त्या एका मुलीचं नाही. शंभर वर्षांपूर्वी जपानच्या मुलींच्या शाळांतल्या अशा जवळिकीला 'एस' म्हणत, 'सिस्टर'मधला पहिला 'एस'. योशिया नोबुको यांच्या कथांनी ती घराघरांत नेली, आणि लग्न ठरेपर्यंतच ती चालायची हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं असे. पुढे १९७० च्या दशकात या तऱ्हेच्या गोष्टींना 'युरी', म्हणजे लिली, हे नाव चिकटलं, तरी शेवटी एकीने मरायचं किंवा दोघींनी दुरावायचं ही रीत बराच काळ सुटली नाही. (१९८१ सालच्या 'मित्राची गोष्ट' या नाटकात तेंडुलकरांनीही मुलीवर प्रेम करणाऱ्या मित्रा या नायिकेला जगू दिलं नाही.) नाकातानींनी ती जुनी 'पोरवयाची' सबब त्या मोठ्या मुलीच्या तोंडी घातली आणि सायाकाला तिच्या पुढे चालत राहू दिलं. क्योतोच्या सहलीत ती तोकोला स्पष्ट सांगते आणि नकार पचवते. कॅफे चालवणारी मियाको आणि तिची जोडीदार असलेली शाळेतली शिक्षिका या दोघी मोठ्या बायका गोष्टीत आहेत, त्यामुळेही सायाकाला पुढचं आयुष्य दिसतं.

तक्रार आहे, आणि ती शेवटाबद्दल. यूला अखेर प्रेम होतंच. कारण पटतं, आठव्या खंडातली दोघींची एकत्र रात्र फार जपून रंगवलीय, कॉलेजातल्या दोघींच्या हातातल्या अंगठ्या पाहून बरंही वाटतं. पण पहिल्या खंडात जिला काहीच वाटत नव्हतं तिच्यात ज्यांनी स्वतःला पाहिलं, त्यांना शेवटी गाडी चुकल्यासारखं वाटेल. त्यांच्यासाठी माकी उरतो. हा मुलगा इतरांचं प्रेम नाटकाच्या प्रेक्षकासारखं आवडीने बघतो, स्वतःला ते नकोय, आणि त्याबद्दल त्याला काडीचं दुःख नाही. त्याला पानं कमी मिळाली.

दुसरी तक्रार मी सौम्यपणे करते. आठ खंडांत कुणी स्वतःला 'लेस्बियन' म्हणून पुढे येत नाही. नाव न देण्यात या गोष्टीची ताकद आहे हे कळतं, पण मधूनच गुदमरायला होतं. म्हणून सोबत 'शी लव्ह्ज टू कुक अँड शी लव्ह्ज टू ईट' ठेवा, युझाकी साकाओमी यांचं. त्यात शेजारीण भरपूर जेवते आणि नोमोतो रांधते, एवढ्यावर सुरू होऊन नोमोतो नेटवर शोधत शोधत स्वतःसाठी तो शब्द शोधून काढते. जपानच्या एनएचके वाहिनीने २०२२ मध्ये त्याची मालिकाही केली. वाचताना भूक लागते, जेवून बसा.

'ब्लूम इंटू यू'चं अॅनिमे (जपानी अॅनिमेशन मालिका) २०१८ चं, १३ भागांचं. सुंदर आहे, पण शाळेच्या नाटकाआधीच थांबतं. ते पाहून थांबलेल्यांना अर्धीच गोष्ट माहीत आहे.

दहावीनंतरच्या मुलामुलींच्या हाती द्यायला हरकत नाही, शेवटच्या खंडाचा वरचा उल्लेख ध्यानात ठेवून. फटाफट घडामोडी हव्या असतील तर तिसऱ्या खंडात कंटाळाल. सगळे खंड एकदम घेऊ नका. दोन घ्या, महिनाभर थांबा, यूची पाण्याखाली असल्यासारखी चित्रं डोक्यात येत राहिली तर पुढचे घ्या. मी सध्या इरुमा हितोमा यांच्या सायाकावरच्या तीन कादंबऱ्यांपैकी शेवटच्या कादंबरीवर आहे. त्यात ती कॉलेजात आहे, आणि हारू नावाची एक मुलगी भेटलीय.