स्वरांच्या सोंगट्यांचा संच, आठ महिन्यांनंतर

एका सोंगटीवरच्या धैवताखालची (‘ध’खालची) रेघ पुसली गेली आणि माझ्या वर्गात ‘पूर्वी’ या थाटाचा, म्हणजे सात स्वरांच्या ठरावीक मांडणीचा, ‘मारवा’ झाला. लिहायला बसले ते त्यासाठीच.

संच तोच, जो संगीत शिकवणाऱ्या बऱ्याच जणांनी पाहिलाय: २४ भोकांची लाकडी पट्टी आणि खुंट्या, तिच्याखालून सरकणारी स्वरनामांची पट्टी, १२ स्वरांच्या सोंगट्या, तालाच्या चार चकत्या. १,८५० रुपये पडले. माझ्याकडे हार्मोनियम शिकायला ११ मुलं येतात, त्यांच्या थिअरीसाठी घेतला.

आमचा आवडता खेळ ‘थाट ओळखा’. सात सोंगट्या सतरंजीवर मांडायच्या, मुलांनी नाव सांगायचं. सहाव्या महिन्यात मी कोमल (उतरलेला) रे, तीव्र (चढा) म, कोमल ध अशी ‘पूर्वी’ थाटाची मांडणी केली. एक मुलगी म्हणाली, मारवा. मी चूक म्हटलं, वर ‘थाट पुन्हा पाठ करून ये’ असंही सुनावलं. तिने सोंगटी उचलून माझ्यापुढे धरली. “बाई, याला रेघच नाहीये.” खरंच नव्हती. शाई उडाली होती, आणि ध शुद्ध धरला तर तो मारवाच. मी सगळ्यांसमोर तिची माफी मागितली, पण मनातून ते जाईना.

भातखंडे लिपीत, म्हणजे स्वर लिहिण्याच्या पं. भातखंड्यांच्या पद्धतीत, शुद्ध आणि कोमल यांत फरक तो काय? अक्षराखालची एक आडवी रेघ. तीच बोटांच्या घामाने जाणाऱ्या शाईत छापायची? तीव्र मध्यमाची उभी रेघ टिकली, कारण ती अक्षराच्या डोक्यावर असते आणि मुलं सोंगटी खालच्या कडेला धरतात. एखाद्या मुलाच्या हातात महिनाभर संच दिला असता तरी हे बनवणाऱ्यांच्या लक्षात आलं असतं.

कंपनीला फोटो पाठवले. सुट्या सोंगट्या मिळत नाहीत, नवा संच घ्या, असं उत्तर आलं. चार सोंगट्यांसाठी १,८५० रुपये मी देणार नाही. नेलपेंटने रेघा ओढल्या, पंधरा दिवसांत त्याही खरवडल्या गेल्या. तंबोऱ्याच्या तारा आणायला मिरजेला सतारमेकर गल्लीत गेले तेव्हा सोंगट्या पिशवीत घेऊनच गेले. तिथल्या एका कारागिराने १०० रुपयांत चारही रेघा कोरून दिल्या. आता डोळे मिटूनही बोटाला कोमल स्वर कळतो.

एवढं लिहून थांबले तर संचावर अन्याय होईल. ती सरकपट्टी मला बिनकामाची वाटली होती, दोन महिने डब्यातच पडून होती. एकदा वीज गेलेली असताना एका मुलाने पट्टीवर दोन सप्तकं बिलावलच्या (सगळ्या शुद्ध स्वरांच्या) खुंट्या लावल्या आणि खालची पट्टी सरकवून ‘सा’ रिषभापाशी (‘रे’पाशी) आणला. वाचलं तर ग, नी कोमल. काफी थाट! मग सगळी मुलं भोवती गोळा झाली. गंधारापासून भैरवी, मध्यमापासून कल्याण, पंचमापासून खमाज, धैवतापासून आसावरी. निषादावर मात्र अडलं: दोन मध्यम आले, पंचमच नाही. “बाई, हा कुठला थाट?” भातखंड्यांच्या दहा थाटांत त्याला जागा नाही, हे मला सांगावंच लागलं नाही, त्यांनीच यादी काढून बघितली. (हार्मोनियमवर हे बिनतक्रार चालतं, तंबोऱ्याशी ताडून बघाल तर श्रुतींचा, म्हणजे सुरांतल्या बारीक अंतरांचा, फरक पडतो.) मूर्च्छनेची (तेच स्वर ठेवून ‘सा’ची जागा बदलत जाण्याची) व्याख्या मी इतकी वर्षं घोकून घेत आले, अर्थ त्या दुपारी पोचला.

पुढच्या रविवारी त्यांनी आपणहून हिशेब केला: सा आणि प अचल, बाकी पाच स्वरांची प्रत्येकी दोन रूपं, म्हणजे ३२ मांडण्या. सगळ्या वहीत उतरवल्या. नाव फक्त दहांनाच सापडलं, आणि उरलेल्या २२ बद्दलचे प्रश्न अजून चालू आहेत.

एक धोका आहे. दोन मुलं नुसती भोकं मोजून तोडी बिनचूक लावत होती आणि त्यातला कोमल रिषभ गळ्यातून येत नव्हता. तेव्हापासून नियम केला: स्वर गाऊन दाखवल्याशिवाय खुंटी लावायची नाही. वेळ दुप्पट लागतो, लागू दे.

तालाच्या चकत्या ठीक. रूपक तालाच्या चकतीवर पहिल्या मात्रेला टाळीची खूण छापलीय. रूपकात समेवरच, म्हणजे पहिल्याच मात्रेवर, ‘खाली’ (टाळी न देण्याची जागा) येते. मी कागद चिकटवून खालीची खूण, शून्य, काढलं.

घेणार असाल तर पहिल्याच आठवड्यात, शाई शाबूत असताना, रे, ग, ध, नी यांच्या रेघा कोरून घ्या. नंतर कुठली सोंगटी कोमल आणि कुठली शुद्ध, हे मलाही सांगता आलं नव्हतं. कारागिरासमोर बसून भिंगाने शाईचे उरलेले ठिपके शोधावे लागले.