काचेवर स्टिकर: ओला की कोरडा?

गाडीच्या काचेवर व्हायनिल स्टिकर लावायच्या दोन पद्धती. काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणं दोन्हीकडे सक्तीचं, आणि तापलेल्या काचेला हातच लावू नका.

छोटी अक्षरं, तळहाताएवढं चित्र असेल तर मी कोरडंच लावतो. वरच्या कडेला मास्किंग टेप लावून बिजागरी करायची, मागचा कागद थोडा थोडा सोडत कार्डाने मधून बाहेर दाबत जायचं. पाच मिनिटांत काम फत्ते. पण एकदा चिकटलं की सरकत नाही. तिरकं गेलं ते गेलंच.

मोठ्या स्टिकरला ओली पद्धतच हवी. स्प्रेच्या बाटलीत पाणी आणि भांड्यांच्या लिक्विड साबणाचे दोनच थेंब. जास्त साबण झाला तर गोंद धरत नाही. ओल्या काचेवर स्टिकर बोटाने हलवून सरळ करता येतो, मग पाणी निथळेपर्यंत दाबायचं. खरी कसोटी पुढे: वरची ट्रान्सफर टेप (अक्षरं जागच्या जागी धरून ठेवणारी, नंतर काढून टाकायची चिकट पट्टी) घाईने ओढली की बारीक अक्षरं तिच्यासोबत उठतात. अर्धा तास तरी थांबा, मग टेप स्वतःवरच दुमडून सावकाश काढा. एखादं टोक उचललंच तर परत दाबून थोडं थांबायचं.

दाराच्या काचेवर लावला असेल तर दिवसभर काच खाली करू नका.