भाडे नियंत्रण कायद्याची द्विभाषिक पुस्तिका: शिवण उत्तम, तळटिपा गायब

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ची मराठी-इंग्रजी पुस्तिका मी गेल्या पावसाळ्यात आमच्या न्यायालयाच्या फाटकासमोरच्या दुकानातून २४० रुपयांना घेतली. जुन्या प्रतीची पाने सुटली होती आणि अशिलासमोर कलम काढायला जावे तर निम्मी पाने टेबलाखाली जात. नवी पुस्तिका आठ महिने जवळजवळ रोज हाताळल्यानंतर हा अभिप्राय लिहीत आहे. प्रकाशकाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण येथे सांगितलेल्या दोषांचा मक्ता एकाच प्रकाशकाकडे आहे असे मला वाटत नाही.

आधी जे चांगले आहे ते सांगतो. पुस्तिका दोऱ्याने शिवलेली आहे, त्यामुळे ती टेबलावर सपाट उघडून राहते आणि उलटतपासणी चालू असताना एका हाताने पान दाबून धरावे लागत नाही. डाव्या पानावर मराठी आणि उजव्या पानावर इंग्रजी अशी मांडणी असल्याने अशिलाला त्याच्या भाषेत कलम दाखवता येते. कागद जाड आहे, शाई पलीकडे उमटत नाही, आणि कोटाच्या खिशात मावेल इतकाच आकार आहे. केवळ वस्तू म्हणून पाहिले तर किंमत अवाजवी नाही.

परंतु बेअर ॲक्ट ही केवळ वस्तू म्हणून पाहण्याची गोष्ट नाही. बेअर ॲक्ट म्हणजे भाष्याशिवाय छापलेला नुसता कायदा, हे खरे. मात्र नुसता कायदा म्हणजे नुसती कलमे नव्हेत. न्यायालय संविधीचा अर्थ लावते तेव्हा पहिली पायरी शब्दांच्या सरळ अर्थाची असते आणि तो अर्थ स्पष्ट असेल तर बहुतेक वेळा तेथेच थांबावे लागते. शंका उरली, तर व्याख्या, परंतुक (‘परंतु’ने सुरू होणारी, कलमाला अपवाद वा अट जोडणारी ओळ), स्पष्टीकरण, कायद्याचे पूर्ण नाव, कलमांचे मथळे, आधीचा कायदा आणि मधल्या दुरुस्त्या यांच्याकडे नजर वळते. यांतील प्रत्येक गोष्ट बेअर ॲक्टमध्ये कोठे आणि कोणत्या आकारात छापली आहे यावर वाचणाऱ्याचे बरेच अवलंबून असते. मुद्रकाला जे किरकोळ वाटते त्यावर न्यायालयात तासभर युक्तिवाद चालू शकतो, आणि ही पुस्तिका नेमकी तेथेच कमी पडते.

कलम २४ चे उदाहरण घेतो, कारण त्याने मला प्रत्यक्ष खाली पाहायला लावले. राहण्यासाठी लिव्ह अँड लायसन्सवर दिलेल्या जागेची मुदत संपली, की घरमालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मिळवता येतो आणि मुदतीनंतर जागा अडवून बसणाऱ्याला लायसन्स फीच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते, असे हे कलम सांगते. त्याच्या शेवटी स्पष्टीकरण आहे आणि त्याच्या दुसऱ्या खंडानुसार लायसन्सचा लेखी करार हा त्यातील मजकुराचा निर्णायक पुरावा असतो. या पुस्तिकेच्या मराठी पानावर मात्र ‘पुरावा असेल’ एवढेच छापले आहे. ‘निर्णायक’ हा शब्द गळून पडला आहे. एका निवृत्त शिक्षिकेच्या अर्जाच्या सुनावणीत, अशिलाला समजावे म्हणून, मी तो खंड मराठीतून वाचला, आणि समोरच्या वकिलांनी तो तत्परतेने उचलला. करार हा नुसता पुरावा असेल तर त्याचे खंडन करायला वाव आहे, मुदत तोंडी वाढवून दिली होती हे आम्ही साक्षीदाराने सिद्ध करू, असे ते म्हणाले. ‘कन्क्लुझिव्ह’ हा शब्द समोरच्याच पानावर होता. तो दाखवल्यावर प्राधिकाऱ्यांनी मान हलवली आणि पुढे जाण्यास सांगितले. नुकसान झाले नाही, पण त्या दोन मिनिटांत माझ्या अशिलाच्या चेहऱ्यावर जी शंका आली ती मी विसरलेलो नाही. पुरावा आणि निर्णायक पुरावा यांच्यातले अंतर एका विशेषणाचे दिसते. प्रत्यक्षात उलट पुरावा ऐकायचा की नाही, हा संपूर्ण प्रश्न त्यावर अवलंबून असतो.

त्याच कलमाची मांडणीही सदोष आहे. स्पष्टीकरण ‘या कलमाच्या प्रयोजनांसाठी’ अशा शब्दांनी सुरू होते, म्हणजे ते सबंध कलमाला लागू आहे. परंतु येथे ते पोट-कलम (३) च्या खाली, त्याच्याच समासात आत सरकवून छापले आहे, जणू ते त्या एकाच पोट-कलमाचे शेपूट असावे. त्याच्या पहिल्या खंडात, ज्या भाडेकरूने किंवा पोटभाडेकरूने जागा लायसन्सवर दिली असेल तो या कलमापुरता ‘घरमालक’ नव्हे, असे म्हटले आहे. घाईत वाचणाऱ्याने हा खंड पोट-कलम (३) पुरता मर्यादित धरला, तर भाडेकरूच्या वतीनेही ताब्याचा अर्ज टाकण्याची चूक तो सहज करील. कनिष्ठ वकिलांनी ही पुस्तिका वापरताना या पानावर पेन्सिलीने रेघ मारून ठेवावी.

मराठी पाठाच्या अधिकाराबद्दल प्रस्तावनेत एक शब्दही नाही, ही मला सर्वांत गंभीर उणीव वाटते. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ मुळे, राज्याच्या विधानमंडळाने कायद्यासाठी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा विहित केली असली, तरी राज्यपालांच्या प्राधिकाराने राजपत्रात प्रसिद्ध झालेला इंग्रजी अनुवाद हा त्या कायद्याचा इंग्रजीतील प्राधिकृत पाठ मानला जातो. केंद्रीय कायद्यांच्या प्रादेशिक भाषांतील अनुवादांसाठी १९७३ चा स्वतंत्र अधिनियम आहे, आणि राष्ट्रपतींच्या प्राधिकाराने राजपत्रात आलेला मराठी अनुवाद हा मराठीतील प्राधिकृत पाठ ठरतो. खासगी प्रकाशकाने कार्यालयात बसून केलेल्या भाषांतराला यातला कोणताही दर्जा नाही. तेव्हा डाव्या पानावरचा मजकूर राजपत्रातून घेतला आहे की घरी तयार केला आहे, हे पहिल्याच पानावर छापणे प्रकाशकाचे कर्तव्य होते. काही कलमांत ‘करील’ आणि काही कलमांत त्याच इंग्रजी शब्दासाठी ‘करावे’ असे आल्यामुळे हे घरचे काम असावे, असा माझा तर्क आहे. कायद्यात शब्द बदलला की अर्थ बदलला असावा असे न्यायालय सहसा गृहीत धरते. शाळेतल्या निबंधासारखे पुनरुक्ती टाळण्यासाठी पर्यायी शब्द वापरण्याची मुभा येथे नाही.

आता तळटिपांकडे येतो. कोणता शब्द कोणत्या दुरुस्तीने आला, कोणता वगळला गेला आणि केव्हापासून, हे पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापण्याची जुनी रीत आहे. या पुस्तिकेत त्या टिपा काढून टाकल्या आहेत. दुकानदाराच्या म्हणण्याप्रमाणे गिऱ्हाइकांना ‘स्वच्छ पान’ आवडते. स्वच्छ पानाची किंमत काय असते, हे अकोल्याच्या विड्याच्या पानांच्या खटल्यावरून दिसते. सी. पी. अँड बेरार विक्रीकर अधिनियम, १९४७ च्या अनुसूचीत करमाफ वस्तूंमध्ये ‘भाजीपाला’ ही एक नोंद होती आणि ‘विड्याची पाने’ ही दुसरी. पुढे दुरुस्तीने विड्याच्या पानांची नोंद वगळली गेली. तेव्हा व्यापाऱ्यांनी असा युक्तिवाद केला, की पान वनस्पतीपासूनच येते, म्हणून ते भाजीपाल्यात मोडते आणि करमाफ आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये हे अमान्य केले. भाजी या शब्दाचा अर्थ वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकातून नव्हे, तर रोजच्या बोलण्यातून घ्यायचा, म्हणजे परसात पिकते आणि ताटात येते ती भाजी, हे त्याचे एक कारण होते. दुसरे कारण आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे: विधानमंडळाने दोन वेगळ्या नोंदी केल्या होत्या आणि त्यांतली एक काढून टाकली, यावरूनच पानांना माफी ठेवायची नाही हा हेतू दिसत होता. वगळलेल्या नोंदीचा मागमूस नसलेली ‘स्वच्छ’ प्रत ज्याच्या हातात आहे, त्याला हा दुसरा मुद्दा सुचणारच नाही. (मंडईत पान आणि पालक एकाच गाळ्यावर शोधणारा मनुष्य मी अजून पाहिलेला नाही, तेव्हा पहिला मुद्दा निदान अनुभवाने सुचला असता.)

याच प्रकाशकाची भारतीय न्याय संहितेची पुस्तिकाही माझ्या टेबलावर आहे आणि तिथे हाच दोष अधिक धोकादायक रूपात आढळला. संहिता १ जुलै २०२४ पासून अंमलात आली, परंतु अंमलाची तारीख ठरवणाऱ्या अधिसूचनेतून कलम १०६ चे पोट-कलम (२) वगळलेले होते. वाहनाने मृत्यू घडवून पोलिसांना वा दंडाधिकाऱ्यांना लगेच न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा देणारी ही तरतूद, आणि जानेवारी २०२४ मध्ये मालवाहतूकदारांनी गाड्या उभ्या केल्या त्या याच तरतुदीमुळे. पुस्तिकेत ती इतर कलमांसारखीच, कोणत्याही टिपेविना छापलेली आहे. विधेयक मंजूर होणे, त्याला संमती मिळणे आणि ते अंमलात येणे या तीन स्वतंत्र घटना आहेत, हे माझ्या सहायकाला त्या पानावर बोट ठेवूनच समजावून द्यावे लागले.

उद्देश व कारणे यांचे निवेदन, म्हणजे विधेयक का आणले हे सांगणारी त्याला जोडलेली टिपणी, हेही भाडे कायद्याच्या पुस्तिकेतून वगळले आहे. कलमाचे शब्द स्पष्ट असतील तर या निवेदनावरून ते वाकवता येत नाहीत, हे मान्य; तथापि कायदा कोणत्या परिस्थितीत झाला हे जाणून घेण्यासाठी न्यायालये ते पाहतात. इंग्लंडमध्ये १५८४ मध्ये हेडनच्या खटल्यात घालून दिलेली आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५५ मध्ये बेंगॉल इम्युनिटी प्रकरणात अवलंबिलेली कसोटी हेच विचारते: आधी कायदा काय होता, त्यात कोणती खोट होती, विधानमंडळाने कोणता उपाय केला आणि तो का केला. भाडे कायद्याच्या बाबतीत ही खोट डोळ्यांत भरण्यासारखी होती. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने प्रमाण भाडे, म्हणजे घरमालकाला कायद्याने घेता येणारे कमाल भाडे, १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून ठेवले होते. मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, काळ लोटल्यामुळे या तरतुदी अवाजवी झाल्या आहेत असे म्हटले, मात्र कायद्याची मुदत संपत आलेली असल्याने आणि नवा कायदा विचाराधीन असल्याने त्या रद्द केल्या नाहीत. ३१ मार्च २००० पासून अंमलात आलेल्या सध्याच्या अधिनियमात वर्षाला ४ टक्के भाडेवाढीची मुभा आली. तसेच बँका, सार्वजनिक क्षेत्रातील उपक्रम आणि १ कोटी रुपये किंवा अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेल्या कंपन्या कलम ३ मधून संरक्षणाबाहेर गेल्या. सरकारी विमा कंपनी यात येते का, या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये येते असे उत्तर दिले, ते ज्यांना बाजारभावाने भाडे परवडते त्यांना आधार देण्याचा या कायद्याचा हेतू नाही हे लक्षात घेऊनच. हा सगळा धागा हाती नसेल, तर कलम ३ ही नावांची एक लांबलचक यादी वाटते.

मथळ्यांबाबत प्रकाशकाचा दोष नाही, तरी अनुक्रमणिकेवर विसंबणाऱ्यांसाठी सांगून ठेवतो. कलम ५५ चा मथळा भाडेकराराची नोंदणी सक्तीची असल्याचे सांगतो. कलमाच्या मजकुरात मात्र लिव्ह अँड लायसन्सचाही स्पष्ट उल्लेख आहे, आणि स्पष्ट मजकुराला मथळा आखूड करू शकत नाही. ‘अकरा महिन्यांचा करार आहे, नोंदणी कशाला’ असे म्हणणारी मंडळी रोज भेटतात. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे आणि लेखी नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते, हे पोट-कलम (२) त्यांना दाखवण्यापुरती ही पुस्तिका उत्तम आहे. ते पान मराठीतही निर्दोष उतरले आहे.

एका गोष्टीबद्दल प्रकाशकाचे मनापासून कौतुक करतो. शेवटी परिशिष्ट म्हणून राज्याचा १९०४ चा जनरल क्लॉजेस ॲक्ट जोडला आहे. महिना म्हणजे इंग्रजी कॅलेंडरचा महिना, पुल्लिंगी शब्दात स्त्रीलिंग येते, मुदतीचा शेवटचा दिवस सुट्टीचा असल्यास कार्यालय उघडेल त्या दिवशी केलेले काम मुदतीत धरले जाते, असे नियम त्यात आहेत आणि राज्याच्या कायद्यांचा अर्थ लावताना ते सतत लागतात. इतर कोणी ते सोबत देत असल्याचे मला आढळलेले नाही. हे परिशिष्ट नसते तर मी पाचपैकी दोनच तारे दिले असते. आता तीन देतो.

घरमालक, भाडेकरू आणि सोसायट्यांचे सचिव यांनी ही पुस्तिका घ्यायला हरकत नाही, मात्र नोटीस लिहिण्यापूर्वी उजवे पान वाचावे. वकिलांनी ती न्यायालयात नेण्याआधी तळटिपा असलेल्या प्रतीशी एकदा ताडून पाहावी. मी प्रकाशकाला कलम २४ च्या चुकीबद्दल पत्र पाठवले. पुढील आवृत्तीत दुरुस्ती करू असे दोन ओळींचे उत्तर आले. तोपर्यंत माझ्या प्रतीत ‘पुरावा’ या शब्दाच्या डोक्यावर निळ्या शाईने ‘निर्णायक’ असे लिहिलेले आहे, आणि दुकानात उरलेल्या चार प्रतींतही दुकानदाराच्या परवानगीने मी ते लिहून आलो आहे.