ॲनकॅप की स्वेच्छावादी? अजून ठरत नसेल तर

ॲनकॅप म्हणजे अनार्को-कॅपिटलिस्ट: राज्यसंस्था नको, पोलीस-कोर्टंही बाजारातूनच यावीत म्हणणारा. स्वेच्छावादी म्हणजे माणसामाणसातलं सगळं राजीखुशीनं, जबरदस्तीशिवाय व्हावं म्हणणारा. दोन्हीकडचं थोडंफार वाचून झालंय, राज्यसंस्थेबद्दलची शंकाही पक्की झालीय, पण कोणी विचारलं तर स्वतःला काय म्हणवायचं ते ठरत नाही, अशा माणसासाठी हे लिहितोय. अनाक्रमणाचं तत्त्व (आपण होऊन कोणावर बळजबरी करायची नाही), स्वतःच्या देहावरची मालकी वगैरे पुन्हा सांगत बसत नाही. ते दोघांचं सारखंच आहे. आजचे बरेचसे स्वेच्छावादी मालमत्तेच्या बाबतीत ॲनकॅप विचाराचा अमेरिकन जनक रॉथबार्ड याचंच बोट धरून चालतात. तेव्हा फरक आहेच कुठे, असं कोणी म्हटलं तर मी फार भांडणार नाही. मी स्वतः सहा-सात वर्षं ॲनकॅप म्हणवून घेत होतो.

तिकडे माल भरपूर आहे, हे आधीच सांगतो. सुरक्षाही बाजारातून मिळू शकते, हे बेल्जियन अर्थतज्ज्ञ मोलिनारीनं १८४९ मध्येच मांडलं होतं. पुढे १९७३ या एकाच वर्षी रॉथबार्ड आणि डेव्हिड फ्रीडमन या दोघांचीही पुस्तकं आली. रॉथबार्ड नैसर्गिक हक्कांवरून निघतो. फ्रीडमन हिशेबाचा माणूस, तो राजाविना कायदा चालवणाऱ्या मध्ययुगीन आइसलँडचा दाखला देतो. दोन संरक्षण कंपन्यांच्या गिऱ्हाइकांत भांडण झालं तर? लढाई दोघींनाही महाग पडते, म्हणून त्या आधीच लवाद नेमून ठेवतील, असं त्याचं उत्तर. नागपुरात धरमपेठेतल्या टपरीवर "मग रस्ते कोण बांधीन बे?" असं कोणी विचारलं तर ॲनकॅपकडे अर्धा तास पुरेल एवढं उत्तर असतं. स्वेच्छावादी म्हणतो, लोक ठरवतील. तोवर समोरच्याचा चहा संपलेला असतो.

स्वेच्छावादाचं वजन साधनांवर आहे. १९८२ मध्ये कार्ल वॉटनर, वेंडी मॅकेलरॉय आणि जॉर्ज स्मिथ यांनी हे नाव पुन्हा उचललं, तेव्हा त्यांची पहिली अट होती की निवडणुकीच्या वाटेला जायचं नाही. सत्ता लोकांच्या संमतीवर उभी असते, ती काढून घ्या, हा फ्रेंच लेखक ला बोएतीचा सोळाव्या शतकातला विचार त्यांनी धरला आणि गांधींकडूनही बरंच घेतलं. नागपूरकराला हे परकं वाटू नये. डिसेंबर १९२० मध्ये इथल्याच काँग्रेस अधिवेशनात असहकारावर शिक्कामोर्तब झालं होतं. पदव्या सोडा, सरकारी शाळा-कोर्टं सोडा. रॉथबार्डला मात्र राजकारण वर्ज्य नव्हतं. तो अमेरिकेतल्या लिबर्टेरियन पक्षात रमला आणि १९९२ मध्ये चक्क अध्यक्षपदाची उमेदवारी मागणाऱ्या रिपब्लिकन ब्यूकॅननच्या मागे उभा राहिला. मत न देणं मला आजवर जमलेलं नाही. १९ एप्रिल २०२४ ला मीही बोटाला शाई लावून आलो, त्यामुळे या मुद्द्यावर कोणाला शिकवायचा मला हक्क नाही.

माझं ठरलं ते वेगळ्याच गोष्टीवरून.

आमच्या लेआउटमध्ये दोन चोऱ्या झाल्या, म्हणून समितीनं एका एजन्सीचा चौकीदार ठेवला. घरामागे महिन्याला तीनशे रुपये. सगळ्यांनी दिले, कोपऱ्यावरच्या एका काकांनी दिले नाहीत. दोन महिने गेले आणि चौकीदार त्यांच्या दूधवाल्याला, सिलिंडरवाल्याला गेटवर अडवायला लागला. वरून तसं सांगितलंय म्हणे. समितीत माझा एक मित्र आहे, माझ्याहून कडवा ॲनकॅप. त्याला विचारलं तर म्हणाला, "त्यायनं इथं प्लॉट घेतला तेव्हाच नियम मान्य केले ना भाऊ. नसन पटत तं विकून जावं."

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. या देशात राहतोस ना, मग कर भर. नसेल पटत तर जा दुसरीकडे. हेच ऐकून आम्ही दोघं चिडून उठायचो आणि अमेरिकन अराजकवादी लायसँडर स्पूनरचं १८६७ ते १८७० मधलं लिखाण उघडायचो: ज्या कागदावर मी सही केली नाही तो मला बांधत नाही. माझ्या मित्राला स्पूनर तोंडपाठ आहे. पण काकांची सही कुठे आहे, हे त्याला सुचलं नाही. खरं सांगायचं तर, मी महिनाभर गप्प होतो. मलाही सुचलं नव्हतं.

दोष मित्राचा, सिद्धांताचा नाही, असं म्हणता येईल. स्वच्छ ॲनकॅप म्हणेल की करार नव्हताच, म्हणून अडवणूक चूक. बरोबर आहे. फक्त माझा अनुभव असा की विचार मालकीपासून सुरू केला की गेट कोणाचं एवढं ठरवून माणूस मोकळा होतो. त्यात हा लेआउट मुळात शेतजमिनीवरचा, आरएल, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं पत्र, कितीतरी वर्षांनी हातात आलेलं. मालकीवर एवढा भार टाकायचा तर ती आधी सरळ हवी.

शेवटी मी काकांकडे गेलो. ते म्हणाले, मला कोणी विचारलंच नाही. मीटिंगच्या दिवशी मी अमरावतीला होतो. चौकीदार झोपतो, त्याला पैसे देणार नाही, पण कोपऱ्यावर अंधार असतो तिथे दिवा लावतो, बिल माझं. आणि लावला. मला ऑबेरॉन हर्बर्ट आठवला. स्वेच्छावाद हे नाव चालवणारा हा इंग्रज १९०६ मध्ये वारला. सरकार असू दे, पण त्याचा खर्च लोकांनी राजीखुशीनं दिलेल्या पैशातून चालावा, एवढंच त्याचं म्हणणं. स्वतःला अराजकवादी म्हणवून घ्यायला तो तयार नव्हता. ॲनकॅप असताना मला तो अर्धवट वाटायचा.

काकांचं पाहून आणखी चार घरांनी पैसे थांबवले, तेव्हा चौकीदार आता फक्त रात्रीचा आहे, हेही सांगायला हवं. अर्थशास्त्राची ओढ असेल, वाद जिंकायला आवडत असतील, तर ॲनकॅपकडे जा; तिथली शिदोरी जन्मभर पुरेल. शेजारी एखादे काका असतील, तर बहुधा माझ्यासारखेच स्वेच्छावादी व्हाल.

मित्र परवा म्हणाला, "अन् काकांनी उद्या दिवा बंद केला तं?" उत्तर नव्हतं. सध्या एवढंच की बल्ब गेला तर शिडीवर मी चढतो, काका खालून टॉर्च धरतात.